बुटाचा ठसा कोर्टात किती बोलतो?

गुन्हेगारीच्या मालिकांत एक दृश्य ठरलेलं असतं. खिडकीखाली चिखल, चिखलात बुटाचा ठसा, आणि त्यावर वाकलेला इन्स्पेक्टर. पुढच्या दृश्यात संशयिताच्या घरातून एक जोडा निघतो, तो ठशावर तंतोतंत बसतो, आणि खटला संपतो. आज मला एवढंच विचारायचं आहे, की तो जोडा ठशावर बसला म्हणजे नेमकं काय सिद्ध झालं? या प्रश्नाला आपल्याकडे दोनशे वर्षांहून जुना इतिहास आहे, आणि तो चांगलाच मराठी आहे.

मी बोलतोय झाशीतून, खंडेराव गेटजवळच्या घरातून. मराठ्यांच्या झाशीला तट होता आणि तटाला दरवाजे होते: ओरछा, दतिया, उन्नाव, सागर, भांडेर, लक्ष्मी आणि आमचं हे खंडेराव. तटाच्या शहरात पहारा सोपा असतो. माणूस दरवाजातूनच येणार, दरवाजातूनच जाणार, आणि तिथला शिपाई त्याचं तोंड बघणार. पण देशावरच्या उघड्या गावाला ना तट ना दरवाजा. रात्री चोर कुठून आला आणि कुठे गेला, हे सांगायला तिथे फक्त जमीन असायची. ती वाचणारा माणूस गावानं नेमलेला असायचा, त्याला जागल्या म्हणत. कुठे तो रामोशी असे, कुठे भिल्ल, कुठे महार किंवा मांग.

पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन दख्खनचा कमिशनर झाला. जिंकलेल्या मुलुखाचा कारभार कसा चालत होता, यावर त्यानं १८१९ साली एक अहवाल लिहिला. त्यात या जागल्याचं वर्णन आहे. गावातला प्रत्येक माणूस कसा आहे हे त्याला ठाऊक असलं पाहिजे, रात्री कोण आलं, कोण गेलं यावर त्याची नजर पाहिजे, आणि चोरी झाली तर चोर शोधणं हे त्याचं काम. चोराच्या पावलांचा माग काढणं ही त्याची नेहमीची रीत.

आता यातली गंमत बघा. माग काढत जागल्या गावाच्या शिवेपर्यंत पोचला, की तिथे शेजारच्या गावचा जागल्या येणार. पहिल्यानं त्याला माग दाखवायचा. दुसऱ्याची खात्री पटली, की पहिल्याची जबाबदारी संपली. पुढचा पाठलाग दुसऱ्यानं करायचा, त्याच्या शिवेवर तिसऱ्यानं. माग ज्या गावात शेवटचा स्पष्ट दिसला, त्या गावानं चोरीला गेलेल्या मालाची भरपाई करायची. आधी जागल्यानं ऐपतीप्रमाणे भरायचं, उरलेलं सगळ्या गावावर बसायचं.

हे वाचताना बरेच लोक जागल्याच्या नजरेचं कौतुक करून थांबतात. नजर तर होतीच. पण मला त्यातल्या दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात. पहिली म्हणजे, माग खरा की खोटा हे ठरवणारा कोण? ज्याच्या गळ्यात तो पडणार होता तोच! शेजारगावचा जागल्या काही उदार मनानं मान हलवणार नव्हता. त्यानं 'हो' म्हटलं, की त्याच्या गावाचा खिसा उघडला. म्हणजे तो वाकून बघणार, हुज्जत घालणार, हे पाऊल त्याच माणसाचं कशावरून म्हणून विचारणार. आजच्या भाषेत सांगायचं तर उलटतपासणी, तीसुद्धा ताज्या ठशासमोर, ऊन किंवा गुरं त्याच्यावरून जायच्या आत. दुसरी गोष्ट अशी, की एल्फिन्स्टनच्या या वर्णनात मागाच्या शेवटी फाशी नाही, भरपाई आहे. माग गावापर्यंत पोचतो. तो अमुक घरातल्या अमुक माणसाचं नाव सांगतो, असा दावा त्यात नाही. नाव शोधायला जागल्याला बाकीची माहिती लागायची: कोण रात्री बाहेर होता, कोणाच्या घरी अचानक दाणे आले.

ही पद्धत न्यायाची होती असं मी म्हणणार नाही. माग शेवटी ज्या गावात हरवला, त्या गावानं चोर डोळ्यांनीही पाहिलेला नसेल, तरी पैसे त्यानंच भरायचे. आणि सगळ्यात आधी भरायचे ते गावातल्या सगळ्यात गरीब माणसानं. इंग्रजांनी पंजाबात हीच कल्पना १८७२च्या पंजाब लॉज अ‍ॅक्टमध्ये कायद्याच्या रूपात ठेवली, तिला नावच 'ट्रॅक लॉ' होतं. महाराष्ट्रात मात्र जागल्यांचे जुने हक्क कंपनी सरकारात ढासळत गेले. पुरंदरच्या रामोशांच्या रोषाचं ते एक मोठं कारण. त्यांचा पुढारी उमाजी नाईक, त्याला १८३२ साली पुण्यात फाशी झाली. माग काढणाऱ्यांचाच माग काढायची वेळ सरकारवर आली, असं म्हणा हवं तर.

त्याच १८७२ साली आपला एव्हिडन्स अ‍ॅक्ट आला. त्याच्या सातव्या कलमाखाली एक उदाहरण दिलं आहे. 'अ'नं 'ब'चा खून केला का, हा प्रश्न असेल, तर खुनाच्या जागी झटापटीनं जमिनीवर उमटलेल्या खुणा विचारात घेता येतात. घेता येतात, एवढंच. त्या किती वजनाच्या, हे कायदा सांगत नाही. तज्ज्ञाच्या मताचं कलम ४५. त्यात परदेशी कायदा, शास्त्र किंवा कला, आणि हस्ताक्षर अशी यादी होती. १८९९ साली त्यात बोटांचे ठसे नाव घेऊन घातले, कारण तोवर बंगालमध्ये बोटांच्या ठशांचं वर्गीकरण पक्कं झालं होतं. पावलाचा ठसा मात्र त्या यादीत कधीच नावानं आला नाही. १९२०च्या कैद्यांच्या ओळखीच्या कायद्यात पावलांचे ठसे घ्यायची मुभा होती. म्हणजे ठसा घ्या, पण त्यावरून मत देणाऱ्याला बोटांच्या ठशांच्या तज्ज्ञासारखं नावानिशी स्थान नाही. हा फरक मुद्दाम ठेवला की आपोआप राहिला, ते बाजूला ठेवू. परिणामानं तो शहाणपणाचा ठरला, असं माझं मत.

पोलिसांकडे मात्र या विद्येची भूक होती. ऑस्ट्रियाचा हान्स ग्रोस हा तपासशास्त्राचा मोठा माणूस. त्याच्या ग्रंथाचा इंग्रजी अवतार हिंदुस्थानच्या गरजेप्रमाणे बदलून १९०६ साली मद्रासला निघाला, आणि त्यात पावलांच्या ठशांवर भरपूर मजकूर आहे. १९०९ साली आपल्या नागपुरात सेंट्रल प्रॉव्हिन्सेसच्या पोलीस खात्यातले गेयर यांचं निव्वळ पावलांच्या ठशांवरचं पुस्तक सरकारी छापखान्यात छापलं गेलं. पोलीस आणि मॅजिस्ट्रेट यांच्यासाठी. जागल्याच्या डोळ्यात होतं ते आता कागदावर, मोजपट्टीनं आणायचं होतं.

इथे एक बदल शांतपणे होत होता, आणि तो पोलिसांच्या हातात नव्हता. तो चांभाराच्या दुकानात होत होता. जुन्या काळी खेड्यात बहुतेक माणूस अनवाणी. अनवाणी पावलाला स्वतःचा आकार असतो, बोटांची ठेवण, टाचेच्या भेगा. ज्याच्या पायात जोडा असे, तो गावच्या चांभारानं हातानं कापून, शिवून दिलेला. खिळे हातानं ठोकलेले, एक रांग जरा वाकडी, एखादा खिळा गळालेला, टाचेला मागाहून लावलेलं ठिगळ. पंचक्रोशीत तसा दुसरा जोडा सापडणं कठीण. अशा जोड्याचा ठसा ओलसर मातीत नीट उमटला, तर तो खरंच बरंच काही सांगे. मग कारखाने आले. बाटाचा कारखाना १९३०च्या दशकात कलकत्त्याजवळ उभा राहिला. रबरी तळ, साच्यातून निघालेला. एका साच्यातून हजारो तळ, आणि सगळ्यांवर तीच नक्षी. नक्षी आली म्हणून ठसा जास्त ठळक उमटायला लागला. पण तीच नक्षी लाखो पायांत असल्यामुळे तो एका माणसाकडे बोट दाखवेनासा झाला. ठसा दिसायला जितका सुंदर, तितका तो सगळ्यांचा! मालिकेतला इन्स्पेक्टर नेमका इथे फसतो.

हे फौजी माणसाला फार समजावून सांगावं लागत नाही. एका कंपनीत शंभर-सव्वाशे जवान, सगळ्यांच्या पायात एकाच नमुन्याचे सरकारी बूट. सकाळच्या पीटीनंतर मैदानाकडे बघा. शेकडो ठसे, एकच नक्षी. त्यातून तुम्ही 'फौजी गेला' एवढं सांगाल. फार तर आठ नंबरचा गेला म्हणाल, आणि तेही सांभाळून, कारण काही कारखाने लागोपाठच्या दोन मापांना एकच तळ लावतात. शिवाय चिखलातला ठसा वाळताना आकसतो, घसरलेला ठसा लांबतो.

मग तज्ज्ञ काय बघतो? त्याच्या कामाचे तीन थर आहेत. नक्षी आणि माप हा पहिला थर. तो जोड्याची जात सांगतो. दुसरा थर झिजेचा. कुणाची टाच बाहेरून झिजते, कुणाचा अंगठ्याखालचा भाग. याने उमेदवार कमी होतात, पण टाच बाहेरून झिजवणारे तर रस्तोरस्ती आहेत. तिसरा थर खरा कामाचा: वापरताना अपघातानं झालेल्या खुणा. काचेनं पडलेला चीर, खिळ्याचं भोक, नक्षीच्या खाचेत अडकलेला खडा, उडालेला टवका. कारखान्यातून निघताना या खुणा नसतात, जोडा चालतो तशा त्या येतात. अशा चार-सहा खुणा योग्य जागी, योग्य दिशेनं आणि योग्य आकारात ठशात दिसल्या, तर हाच जोडा असं म्हणायला आधार मिळतो. पण किती खुणा जुळल्या म्हणजे पुरे? यावर जगातल्या तज्ज्ञांचंही एकमत नाही. आणि जोडा थांबत नाही. गुन्हा आषाढात झाला आणि जोडा दिवाळीत जप्त झाला, तर मधल्या काळात जुन्या खुणा झिजून गेल्या, नव्या आल्या. मग न जुळणारी खूण दिसली, की 'ती नंतर झाली असेल' म्हणायला तज्ज्ञ मोकळा, आणि जुळणारी दिसली की ती पुरावा. ही दोन्हीकडून जिंकायची सोय मला खटकते.

आपल्या सुप्रीम कोर्टानं याची दखल लवकर घेतली. प्रीतम सिंग विरुद्ध पंजाब सरकार हा निकाल १९५६च्या लॉ रिपोर्टात आहे. त्यात माग काढणाऱ्यांचा पुरावा होता. कोर्ट म्हणालं, ते थोडक्यात असं: पावलांवरून ओळख पटवण्याचं शास्त्र अजून बाल्यावस्थेत आहे, त्यावर फार विसंबता येत नाही. इतर परिस्थितीच्या जोडीला एक दुवा म्हणून ते घेता येईल, पण तेवढ्यावर शिक्षा उभी राहणार नाही. पुढे चाळीसेक वर्षांनी, १९९७ साली, मोहम्मद अमान विरुद्ध राजस्थान सरकार या खुनाच्या खटल्यात तोच प्रश्न पुन्हा आला. कोर्टानं सांगितलं, की हे शास्त्र अजून पुरतं विकसित नाही. दुसऱ्या पुराव्यानं गुन्हेगार आधीच ठरला असेल, तर त्या निष्कर्षाला बळकटी देण्यापुरता हा पुरावा वापरा. त्या खटल्यात आणखी एक भोक होतं. आरोपीच्या पावलाचे नमुने मॅजिस्ट्रेटसमोर घेतलेले नव्हते. शिक्षा रद्द झाली.

मॅजिस्ट्रेटसमोर नमुना घेणं ही निव्वळ कागदी औपचारिकता वाटते ना? मग असा विचार करा. बोटाचा ठसा उमटवायला बोट लागतं, आणि ते माणसाला चिकटलेलं असतं. बुटाचा ठसा उमटवायला फक्त बूट लागतो. बूट एकदा ठाण्यात जमा झाला, की तो मातीत दाबायला त्याचा मालक लागत नाही. कुणी असं करतंच, असं मी म्हणत नाही. पण करता येतं, एवढं पुरे आहे. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी ठशाचा फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून, कॅमेरा सरळ वरून. मग प्लास्टरचा साचा. पंचांसमक्ष पंचनामा, त्यावर तारीख आणि वेळ. हे सगळं बूट सापडण्याच्या आधीचं असलं पाहिजे. क्रम उलटा असेल, तर तज्ज्ञाचा अहवाल कितीही जाड असो, मी न्यायाधीश असतो तर बाजूला ठेवला असता.

अमेरिकेतला ओ. जे. सिम्पसनचा खटला तुम्हाला आठवत असेल. १९९४ साली दोन खून, रक्तात उमटलेले बुटाचे ठसे. एफबीआयचे तज्ज्ञ विल्यम बोडझियाक यांनी नक्षीवरून शोध लावला. ब्रुनो माली नावाचे महागडे इटालियन बूट, बारा नंबरचे. त्या मापाचे अमेरिकेत जेमतेम २९९ जोड विकले गेले होते. इतका दुर्मीळ ठसा कुठल्याही पोलिसाला स्वप्नातच मिळतो. पण जोडा सापडला नाही, आणि तसे बूट माझ्याकडे नव्हतेच असं सिम्पसनचं म्हणणं. १९९५ साली तो फौजदारी खटल्यात सुटला. त्यानंतर त्याच नमुन्याचे बूट घातलेले त्याचे जुने फोटो बाहेर आले, आणि १९९७ साली दिवाणी खटल्यात त्याला जबाबदार धरलं गेलं. ठसा दोन्ही वेळी तोच होता. ठशापासून माणसापर्यंतचा पूल एका छायाचित्रकारानं बांधला, तज्ज्ञानं नाही.

दुर्मीळ बुटाची ही गोष्ट, तर सर्रास मिळणाऱ्या बुटाचं काय होत असेल? ते इंग्लंडमधल्या २०१०च्या एका अपिलात दिसतं. आरोपीचं नाव गुप्त होतं, म्हणून निकाल 'आर विरुद्ध टी' म्हणून ओळखला जातो. बूट नायकीचे, नक्षी तिकडे अगदी घरोघरची. तज्ज्ञानं असं गणित केलं: ही नक्षी पाचात एकाची, हे माप धरलं दहात एकाचं, झीज दोनात एकाची. गुणाकार शंभर. त्यावरून त्यानं ज्यूरीसमोर 'मध्यम शास्त्रीय आधार' असे शब्द वापरले, पण आकडे त्या शब्दांच्या मागेच राहिले. अपील कोर्टानं शिक्षा रद्द केली. आकडे पक्क्या माहितीवर उभे नाहीत आणि ते ज्यूरीपुढे उघड मांडलेही नाहीत, असा आक्षेप. त्या निकालावर संख्याशास्त्रज्ञ चिडले, त्यांचं म्हणणं की आकडे लपवणं वाईट, आकडे वापरणं नव्हे. मला त्यांचं पटतं. धरा, एका शहरात एक लाख पुरुष आहेत आणि ठसा शंभरात एकाशी जुळतो. म्हणजे हजार माणसं जुळली. 'शंभरात एक' ऐकून ज्यूरीच्या अंगावर काटा येतो, 'हजारातला एक' ऐकून ती विचार करायला लागते. गोष्ट तीच आहे.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळानं सप्टेंबर २०१६ मध्ये असल्या साऱ्या विद्या तपासल्या. विशिष्ट खुणांवरून ठसा अमुक एका बुटाचाच आहे असं सांगण्याच्या पद्धतीबद्दल त्यांनी स्पष्ट लिहिलं, की तिची अचूकता दाखवणारे योग्य प्रयोगच झालेले नाहीत. म्हणजे तज्ज्ञ किती वेळा चुकतो, हे कुणी मोजलेलंच नाही. प्रीतम सिंग निकालाला तोवर साठ वर्षं होऊन गेली होती.

इथे कुणी म्हणेल, कर्नलसाहेब, सीमेवर तर पगी लोक कमाल करतात. करतात, शंकाच नाही. गुजरात सीमेवरचे रणछोडदास पगी १९६५ आणि १९७१च्या युद्धांत फौजेच्या कामी आले, त्यांच्या नावानं सीमा सुरक्षा दलाची चौकी आहे. राजस्थान-पंजाबात सीमेलगतची वाळूची पट्टी सारखी करून ठेवतात आणि पहाटे तिच्यावर 'खुरा' बघतात. किती माणसं, ओझं घेऊन की रिकामी, घाईत की सावकाश, उलटं चालून फसवलंय का, हे सगळं जाणकाराला दिसतं. पण तिथे ठशाला कुठला प्रश्न विचारतात ते बघा. 'कुणी आलं का आणि कुठे गेलं?' याचं उत्तर चुकलं, तर एक गस्त रात्रभर उगाच पायपीट करून परत येते. कोर्टात प्रश्न असतो, 'हाच माणूस का?' ते उत्तर चुकलं तर एखादा निरपराध जन्मठेप भोगतो. माहिती आणि पुरावा यांत हा फरक आहे. फौजेत आम्ही माहितीवर हलतो, अर्धवट असली तरी हलतो, हलावं लागतं. न्यायाधीशानं तसं हलायचं नसतं. एल्फिन्स्टनच्या जागल्यानंही शिवेवर पहिलाच प्रश्न विचारला होता, दुसरा नाही.

१ जुलै २०२४ पासून जुना एव्हिडन्स अ‍ॅक्ट गेला, भारतीय साक्ष्य अधिनियम आला. तज्ज्ञाच्या मताचं कलम आता ३९. त्यात शास्त्र आणि कलेच्या पुढे 'किंवा इतर कोणतंही क्षेत्र' असे शब्द वाढले, त्यामुळे बुटाच्या ठशाच्या तज्ज्ञाला आत यायला दार रुंद झालं. बोटांचे ठसे नावानिशी आहेत, पावलांचे अजूनही नाहीत. २०२२च्या ओळखीच्या कायद्यानं पावलांचे ठसे घ्यायची सोय मात्र कायम ठेवली.

मग हा पुरावा गोळा करायचाच कशाला? तर एका कामात तो फार जोरदार आहे, आणि त्याचा वापर आपल्याकडे कमी होतो. ठसा माणूस ठरवत नाही, पण बूट वगळतो. गुन्ह्याच्या जागी रेघांची नक्षी आणि जप्त बुटाच्या तळाला गोळ्यांची, तर तो बूट त्या ठशातून बाद. तिथे तज्ज्ञाला मोजून खुणा जुळवायच्या नसतात, शंभरात एक असलं गणित लागत नाही. त्यानं आरोपी आपोआप सुटत नाही, त्याच्याकडे दुसरा जोडा असू शकतो, तो त्यानं तळ्यात टाकला असेल. पण सरकारी पक्षाला मग तो दुसरा जोडा दाखवावा लागतो. म्हणून तुमच्या ओळखीत कुणी वकील असेल आणि आरोपपत्रात 'बुटाचा ठसा जुळला' असं वाक्य असेल, तर त्याला सांगा, आधी ठशाचा फोटो माग, त्यावरची तारीख बघ, मग जप्तीची तारीख बघ. आणि विचार, की जागेवर आणखी कुठले ठसे होते, जे कुणाशीच जुळले नाहीत. बहुतेक वेळा जागेवर एकापेक्षा जास्त माणसं चाललेली असतात. अहवालात मात्र एकच जोडा असतो.